बिनसवडीची वाट

केमीच्या लगदा कारखान्याचं धुराडं
सोमवारी पहाटे गप्प झालं.
दुरुस्तीला बारा दिवस. तेराव्याला धूर दिसला नाही
तर जळेल तो पैसा, तासातासाला.

तुइरे युलितालोच्या टेबलावर
तीनशे चाळीस कामं, कामागणिक एक बाण,
बाणाच्या पोटात दिवस.
ती आधी पुढे चालत जाते, बोटाने, बेरीज करत;
जिथे चार बाण एका गोलात शिरतात
तिथे सगळ्यात उशिरा येणाऱ्यासाठी थांबते,
पंगत व्याह्यांसाठी खोळंबते तशी.
मग शेवटापासून उलटी येते, वजाबाकी करत;
आता मात्र ऐकते सगळ्यात घाईच्याचं.
जाताना एक आकडा, येताना दुसरा,
मधलं अंतर म्हणजे सवड.
जिथे दोन्ही आकडे एकच निघतात
तिथे ती लाल पेन्सिल उचलते.

लाल रेघ टर्बाइनवरून जाणार
याबद्दल केइमोला शंकाच नव्हती.
सगळ्यात मोठी क्रेन तिथे, सगळ्यात महाग माणसं तिथे,
वरिष्ठ आले की फोटोही तिथेच.
"रात्रपाळी लाव," तो म्हणाला.
"उघडायला एक दिवस, रोटर ओउलूला जाऊन यायला पाच,
बसवायला तीन. नऊच होतात.
घाई केलीस तर लवकर येऊन नुसता पडून राहील."
"मग बारा आले कुठून?"
तिने खिडकीतून चुन्याची भट्टी दाखवली,
जिच्याकडे कुणी बघत नाही ती.
निवायला दोन, जुन्या विटा फोडायला तीन,
नव्या लावायला चार,
सुकायला तीन.

केइमोने गवंड्यांची दुसरी टोळी आणली.
चाराचे दोन झाले, बाराचे दहा,
आणि कुणी हातही न लावता
टर्बाइनच्या तीन दिवसांतले दोन गेले.
हे त्याला पटेना. तिने दोनदा समजावलं,
तिसऱ्यांदा नुसतं खोडरबर फिरवलं.

गुरुवारी ओउलूहून फोन : एका पात्याला चीर.
एक दिवस जास्त.
ती काही बोलली नाही. दुसरी लाल रेघ ओढली,
पहिलीच्या शेजारी.

रंगारी संध्याकाळी येऊन म्हणाले,
आमचं उद्यावर ढकललं, आम्हाला चार दिवस होते ना?
होते. पण ते तुमच्या एकट्याचे नव्हते;
तुमच्यामागे पाइपवाले, त्यांच्यामागे वायरमन,
सगळ्यांना मिळून ते चारच.
पहिल्या पंगतीने श्रीखंड संपवावं
आणि पुढच्यांनी भांडं खरवडावं, असं झालंय आता.

आठव्या दिवशी केइमो भट्टीपाशी गेला
तर ओइवा पेल्टोला उलट्या बादलीवर बसलेला,
थर्मसमधून कॉफी ओतत.
"याला काही काम नाही का?"
"हेच काम," तुइरे म्हणाली.
तासाला वीस अंश, त्याहून जास्त नाही.
ओल आतून निघते ती आपल्या चालीने;
रेटलंत तर वीट फुटते
आणि पुन्हा पहिल्यापासून.
शंभर माणसं आणा, ती बादलीभोवती उभी राहतील.

तिला वाटलं, आपल्या भाषेत हे कुणाला सांगायचं झालं
तर एकच शब्द दोनदा वापरावा लागेल :
ही वाट, आणि हिची वाट पाहायची.
पण ते मराठीत जमतं. फिनिशमध्ये तिने
फक्त कॉफीसाठी पेला पुढे केला.

बाहेर बर्चची पानं पिवळी, आखातावर पातळ धुकं.
आईने तोर्नियोहून तीनदा फोन केला होता;
तिने तीनदा सांगितलं होतं, दुरुस्ती संपली की येते,
तुझ्याकडे यायला सवड आहे.
कुठल्या टोकापासून उलटं मोजून हे म्हटलं,
ते मात्र आठवेना.

आता पेन्सिलीला काम नव्हतं.
ती दुसरी बादली पालथी घालून बसली.
ओइवाने काच पुसून तापमापक वाचला.
"तीनशे दहा."
"आणखी?"
"आणखी."